बरा असताना त्याला विचारा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

विषय : मानसिक आजाराच्या रुग्णाने आधी लिहून ठेवलेली इच्छा दवाखान्यात रात्री-अपरात्रीही वाचली जावी, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. २००३ साली तो आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा आजार पहिल्यांदा उठला. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे. वडील नाहीत. आई त्याच्याजवळ असते, मी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात आले. पहिले आठ महिने देवऋषी, अंगारे आणि अमावास्येच्या वाऱ्या यांत गेले. मग कुणीतरी तालुक्याच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. आम्ही गेलो, त्यांनी निदान केलं आणि गोळ्या लिहून दिल्या. भाऊ म्हणाला, "मला काय झालंय? गोळ्या तुम्हीच खा."

तिथून पुढे आमच्या घरात जे झालं, ते महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत झालेलं आहे आणि आजही होतं आहे. त्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, नाहीच घेत म्हटल्यावर चहातून द्या. रिस्पेरिडोनचे थेंब मिळत, त्यांना रंग नव्हता. थेंबांची बाटली मिळाली नाही की आई कागदाच्या घडीत गोळी ठेवून लाटण्याने चुरायची आणि ती पूड चहात ढवळायची. साखर एक चमचा जास्त. तिचं म्हणणं, कडू लागलं तर टाकून देईल.

आणि गुण आला, हे मी लपवणार नाही. दोन महिन्यांत तो स्वतःहून अंघोळ करायला लागला, मळ्यात जायला लागला, मोटर चालू करून पाणी धरायला लागला. आईने गावदेवीला साडी नेसवली. चहातल्या औषधाला सरसकट पाप म्हणणाऱ्यांनी असा एक मुलगा घरात असताना सहा महिने काढून बघावेत, मग बोलावं.

पण एका सकाळी चहा संपवून त्याने कप तिरका केला आणि तळाशी चिकटलेला पांढरा थर त्याला दिसला. बोटाने पुसून त्याने तो जिभेला लावला. आईकडे बघितलं. बोलला काही नाही. त्या दिवसापासून पाच महिने त्याने आईच्या हातचं काही खाल्लं नाही. सालासकट येतं तेवढंच खायचा. केळी, शेंगा, उकडलेली अंडी, तीही स्वतः उकडलेली. पाणी नळाला तोंड लावून. आई ताट वाढून उंबऱ्यात बसायची आणि तो तिच्यासमोर शेंगा फोडायचा.

घरचे जेवणात काहीतरी घालतात, असं त्याचा आजार त्याला सुरुवातीपासून सांगत होता. आम्ही ते खरं करून दाखवलं.

हा प्रसंग दया मिळावी म्हणून लिहीत नाही. मानसिक आजारात उपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा, या वादाची मुळं नेमकी अशा उंबऱ्यात आहेत. एक बाजू म्हणते, रुग्णाला आजार आहे हेच कळत नाही, त्याला कसलं विचारता? दुसरी म्हणते, त्याच्या मर्जीविरुद्ध दिलेला प्रत्येक उपचार हा अन्यायच. आम्ही दोन्ही बाजूंनी होरपळलो. तो पाच दिवस जागा राहून विहिरीच्या कठड्यावर बसलेला असताना त्याच्या मर्जीची वाट बघा, असं मला कुणी सांगू नये. आणि तो धडधाकट, शांत, माझ्या मुलीला गणित शिकवत असताना त्याला न विचारता त्याच्या पुढच्या वर्षभराच्या गोळ्या आई, मी आणि डॉक्टर अशा तिघांनी ठरवाव्यात, हेही मला मान्य नाही. आजार दिवसरात्र सारखा नसतो. भाऊ वर्षातले दहा-अकरा महिने त्याचा तो असतो. या दहा-अकरा महिन्यांत बावीस वर्षांत एकाही दवाखान्यात त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा, पुन्हा बिघडलं तर तुला काय चालेल आणि काय चालणार नाही?

खरं तर हे विचारायची सोय कायद्यानेच केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे कुठल्याही सज्ञान माणसाला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्याला निर्णय घेता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कुणी बोलावं, हे सगळं त्यात येतं. आधी मानसिक आजार झालेला असायलाच हवा, अशीही अट नाही. लिहिलेलं कधीही बदलता येतं. याच कायद्याखाली नेमायच्या पुनर्विलोकन मंडळाने अशा नोंदणी झालेल्या कागदांची ऑनलाइन नोंदवही ठेवायची आहे. डॉक्टरांना किंवा घरच्यांना त्यातलं काही धोक्याचं वाटलं तर मंडळाकडे जाऊन ते बदलून मागता येतं. आणि वैध निर्देश पाळल्यामुळे पुढे काही अकल्पित झालं तर डॉक्टरांवर दोष येत नाही.

हे मला कळलं २०२१ मध्ये, एका स्वमदत गटात. पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था कितीतरी वर्षं रुग्ण आणि नातेवाइकांना एकत्र बसवतात. तशाच एका बैठकीत शेजारी बसलेल्या बाईंनी पर्समधून त्यांच्या मुलाने असा लिहिलेला कागद काढून दाखवला. मी घरी आले आणि भावापुढे वही ठेवली.

त्याने पहिल्यांदा एकच ओळ लिहिली : 'एकही गोळी नको.' मला रडू आलं. वाटलं, ज्यांना हा कायदा नको आहे त्यांचंच बरोबर होतं. पण वही काढून घेतली नाही. त्याला विचारलं, गोळी का नको? तेव्हा अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने सांगितलं. ओलान्झापिनवर दीड वर्षात त्याचं वजन अठरा किलोंनी वाढलं होतं. गावातली पोरं त्याला काय म्हणतात ते सांगितलं. सकाळी दहापर्यंत डोकं पोत्यासारखं जड राहतं, म्हणून दूध घालायला जाता येत नाही आणि डेअरीचं काम सुटलं, हे सांगितलं. हे त्याने डॉक्टरांना कधीच सांगितलं नव्हतं, कारण ओपीडीत प्रश्न आईला विचारले जायचे. झोपतो का? जेवतो का? त्रास देतो का? तो शेजारच्या स्टुलावर बसलेला असायचा.

तीन संध्याकाळी आम्ही बोललो. नंतर डॉक्टरांना भेटून औषध बदललं, डोस रात्री लवकर घ्यायचा ठरला. आणि 'एकही गोळी नको'च्या जागी जे लिहून झालं ते इथे उतरवते. अक्षर त्याचं, भाषाही त्याचीच.

'मी बोलण्याच्या पलीकडे गेलो तर इंजेक्शन द्या. चालेल. हॅलोपेरिडॉल एकटं देऊ नका, माझी मान वाकडी होते आणि जीभ वळते. द्यायचंच असेल तर बरोबर फेनरगन द्या. हात बांधू नका. बांधायचेच झाले तर आधी सांगा आणि अक्काला जवळ थांबू द्या. शॉक द्यायची वेळ आली तर भूल देऊन द्या, २००९ ला दिला तसा, २००४ सारखा नको. चहातून काही देऊ नका. आईने दिलेला चहा आईने आधी एक घोट पिऊन दाखवावा. माझ्या वतीने अक्का बोलेल.'

ज्याला "कुठं काय कळतं" असं म्हणतात, त्याने हे लिहिलं आहे. फेनरगनची गोष्ट तर निम्म्या घरांना ठाऊक नसते. त्याला ठाऊक आहे, कारण ती मान त्याची होती.

शॉकबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण वर्षानुवर्षं सिनेमाने लोकांच्या मनात नुसती भीती भरून ठेवली आहे. २००९ मध्ये भावाने अन्नपाणी सोडलं होतं. हात वर केला की तासभर तसाच राहायचा. नळीने भरवत होते. तेव्हा ईसीटी, म्हणजे शॉक, दिली, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन. चौथ्या वेळेनंतर त्याने भाकरी मागितली. त्या दोन-तीन महिन्यांतल्या पुष्कळ गोष्टी त्याला आजही आठवत नाहीत, माझ्या मुलीचं बारसंसुद्धा. ती किंमत खरी आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे. पण त्या वेळी ईसीटी मिळाली नसती तर माझा भाऊ आज नसता, असंच मी मानते. २००४ मध्ये मात्र भूल न देता दिली होती. चार माणसांनी हात-पाय धरले होते. आता कायद्याच्या ९५व्या कलमाने तशी ईसीटी बंद केली आहे, साखळीने बांधणंही बंद केलं आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडात बांधलेली अठ्ठावीस माणसं जळून गेली, ती आठवण असलेल्या देशात हे कलम यायला सोळा वर्षं लागली. उपचार तोच, यंत्र बहुधा त्याच जातीचं. पण एका वेळी माणसाला धरून पाडलं आणि एका वेळी झोपवून, सांगून दिलं. भाऊ पहिल्याला आजही 'मारहाण' म्हणतो आणि दुसऱ्याला 'ऑपरेशन'.

कागद तयार झाला. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग तो नोंदवायचा कुठे, हे विचारत मी तीन कचेऱ्या फिरले. एका ठिकाणी त्यांना ते मृत्युपत्र वाटलं. एका ठिकाणी म्हणाले, वकिलाकडे जा. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो आम्ही केसपेपरला पिन मारून ठेवला.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात गोळ्या संपल्या. सरकारी दवाखान्यात सहा आठवडे त्या आल्याच नाहीत. कायदा म्हणतो, यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. बाहेरून दोन आठवड्यांच्या आणल्या. मग भावानेच खर्चाचा विचार करून एका दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, आम्हाला न सांगता. पुढचं ठरलेलंच होतं. झोप गेली. चौथ्या रात्री आम्ही जीप करून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याला ओढून न्यावं लागलं नाही. तो स्वतः चढला आणि जीपमध्ये मला एकदाच म्हणाला, "कागद घेतलास ना?"

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. डोळे लाल, बहुधा दोन दिवस झोपलेले नसावेत. मी त्यांच्यावर राग धरत नाही. मी कागद पुढे केला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "हे काय आणलंय? पेशंटला विचारून इंजेक्शन देतात का?" कागद केसपेपरच्या खाली गेला. भावाचा आवाज चढला होता, तो इकडून तिकडे फेऱ्या मारत होता, पण त्याने कुणाला हात लावला नव्हता. दोन वॉर्डबॉय आले, बँडेजच्या पट्टीने त्याचे हात खाटेला बांधले, मला दाराबाहेर काढलं. इंजेक्शन दिलं.

पहाटे त्याची मान उजवीकडे वळली ती तशीच. डोळे वर गेलेले, जीभ बाहेर आणि बोलायला जातो तर घशातून नुसता आवाज. रात्रपाळीच्या सिस्टर धावत आल्या. केसपेपर चाळताना तो कागद त्यांच्या हाताला लागला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांना हाक मारली आणि फेनरगन घेऊन आल्या. अर्ध्या तासात मान सरळ झाली. मग त्यांनीच हातांच्या पट्ट्या सोडल्या. मनगटावर वळ उठले होते. तो कागद वाचायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "अक्का, कागद दिला होतास?"

"दिला होता."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे मागते आहे.

तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या हरकती मला ठाऊक आहेत. हा कायदा परदेशी विचारांचा आहे, आपल्याकडे कुटुंब असतं, असं पुष्कळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, त्यातून हा कायदा आला, हे खरंच आहे. पण कुटुंब मी आहे. आणि कुटुंब म्हणून सांगते, तो कागद झाल्यापासून मला पहिल्यांदा शांत झोप लागली. आधी प्रत्येक वेळी निर्णय माझा आणि त्याचा राग आयुष्यभर माझ्यावर. आता निर्णय त्याचा आहे, मी फक्त निरोप पोचवते. दुसरी हरकत वेळेची. एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे कधी लिहून घ्यायचं? ही हरकत मला पूर्ण पटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजाराच्या प्रकारानुसार, सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नसल्याचं दिसलं होतं. (त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण काही वेगळे असू, असं मला वाटत नाही.) डॉक्टर थोडे आहेत, म्हणून हे काम डॉक्टरांकडे देऊच नका.

आपल्याच साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत कांचीपुरमला स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलायचं, गोळ्यांचं बघायचं, कामाधंद्याचं बघायचं. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्याने थोडा जास्त फरक पडला. फार मोठा नाही, पण पडला. अशा माणसांना हा कागद लिहून घेता येईल. आमच्या तीन संध्याकाळी लागल्या, त्यातल्या दोन चहा आणि गप्पांत गेल्या, आणि त्याच सगळ्यात कामाच्या ठरल्या.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या प्रत्येक ओपीडीत हा कागद मराठीत छापलेला असावा, रुग्णाला कळेल अशा मराठीत. लिहायला मदत करणारा समाजकार्यकर्ता किंवा परिचारिका तिथे असावी. ज्याचा कागद आहे त्याच्या केसपेपरवर लांबून दिसेल असा लाल शिक्का हवा. मंडळं नेमण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिला आहे आणि त्या मंडळांवर रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांच्या प्रतिनिधींसाठी दोन जागा आहेत. त्या जागांवर खरोखरचे रुग्ण आणि आमच्यासारखे लोक बसवा. कागद कुठे नोंदवायचा, याची पाटी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लावा. ती नोंदवही रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना उघडता आली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही, कारण आमची माणसं ओपीडीच्या वेळेत बिघडत नाहीत. हात बांधले तर का बांधले याची नोंद आणि चोवीस तासांच्या आत रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीला कळवणं, हे कायद्यात आहेच. तुमच्याकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक आस्थापनेची ती वही तुम्ही अचानक जाऊन तपासा.

चहातल्या औषधाबद्दलही बोला. आज प्रत्येक आई एकटीने, चोरून, अपराधी मनाने तो निर्णय घेते आणि डॉक्टर केसपेपरवर त्याची नोंद करत नाहीत. कधी, किती दिवस, कुणाला विचारून आणि रुग्णाला खरं सांगायचं ते केव्हा, याबद्दल तज्ज्ञ, रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून काहीतरी लेखी ठरवा. माझं मत विचाराल तर ते बंद व्हायला हवं. पण नुसतं 'बंद' म्हणून आईच्या हातातून चमचा काढून घ्याल, आणि चार दिवस जागा असलेला मुलगा सांभाळायला घरी कुणीच येणार नसेल, तर ती पुन्हा लाटणं घेईल. तिच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते लोक आत गेले तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं होतं का, एवढंच माझ्या मनात येतं.

आता आई बहात्तर वर्षांची आहे. सकाळचा चहा ती कपात ओतते, स्वतः एक घोट घेते आणि कप त्याच्याकडे सरकवते. तो गोळी स्वतः घेतो, रात्री आठ वाजता, मोबाईलचा गजर लावून.

येत्या मंगळवारी त्याची ओपीडी आहे. कागद त्याने नव्याने लिहिला आहे, कारण जुना पावसात आणि घडीवर फाटला. मजकूर तोच ठेवला आहे, फक्त शेवटी एक ओळ वाढवली आहे : 'वाचला असेल तर इथे सही करा.' आणि खाली चार बोटं जागा सोडली आहे.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण